एकी १ ते एकी १२

सॉफ्टवेअरमधल्या माणसाला सहसा कशाचं काही वाटत नाही. रात्री दोन वाजता अमेरिकेतून फोन आला तरी तो झोपेतच “येस, लुकिंग इन्टू इट” म्हणतो आणि कूस बदलतो. हिंजवडीच्या चौकात गाडी तासभर हलली नाही तर तो तिथेच डबा उघडून जेवून घेतो. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटनं ‘एक छोटासा बदल’ सांगितला तरी त्याच्या कपाळावर आठी पडत नाही, कारण ती मुळातच तिथे कायमची बसलेली असते. पण भिंतीवरच्या टीव्हीवर याच माणसाच्या नावापुढे एक लाल ठिपका लावून बघा. त्याला घास उतरत नाही.

हे मर्म आमच्या डिलिव्हरी हेडना बेंगळुरूच्या कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये गवसलं. तिथून ते एक पाठीवरची बॅग, एक स्टीलची बाटली आणि एक कल्पना घेऊन परतले. बॅग मुलाला दिली, बाटली स्वतः ठेवली आणि कल्पना आम्हाला दिली.

“जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही,” त्यांनी बैठकीत सुरुवात केली. हे खरं असावं. आमची पगारवाढ इतकी सूक्ष्म असते की ती मोजता येत नाही आणि सुधारतही नाही. “सोमवारपासून आपल्या प्रत्येक क्लासचं कोहेजन मोजलं जाईल. क्लासच्या आतल्या गोष्टी एकमेकींना किती धरून आहेत, याचा आकडा येईल. आकडा लाल असेल तर कोड मर्ज होणार नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलावण्याचा अर्थ ‘पटलं’ असा नसून ‘जागेवर गेल्यावर शोधतो’ असा असतो. बोलून झाल्यावर डिलिव्हरी हेडही मान डोलावत होते, त्यावरून त्यांनाही अजून शोधायचं असावं.

त्या रात्री जेवताना मी हा विषय घरी काढला. आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. कालव्याचं पाणी मोजण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे मोजमाप म्हटलं की ते चष्मा पुसून सरसावून बसतात.

“क्लास म्हणजे काय, ते आधी सांग.”

“एक कुटुंब समजा, बाबा. मेथड म्हणजे घरातली माणसं, कामं करणारी. व्हेरिएबल म्हणजे घरातल्या वस्तू. आता कुठल्याही दोन माणसांची जोडी घ्यायची. दोघं एखादी तरी वस्तू सामाईक वापरत असतील तर त्यांचं जमतं असं धरायचं. एकही वस्तू सामाईक नसेल तर जमत नाही. न जमणाऱ्या जोड्यांतून जमणाऱ्या जोड्या वजा करायच्या. उरेल तो आकडा.”

“एकमेकांशी बोलतात की नाही, ते बघायचं नाही?”

“या पद्धतीत नाही.”

“कोण कुणाचं काम ओढतं?”

“तेही नाही.”

“म्हणजे फ्रिज कुणीकुणी उघडला, एवढंच?”

“हो.”

“आणि हे शोधून कुणी काढलं?”

“श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर. १९९१ मध्ये पहिल्यांदा मांडलं आणि १९९४ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. एकूण सहा मापं दिली त्यांनी, त्यातलं हे एक. एमआयटीत काम केलं हे.”

“कोथरूडच्या?”

“नाही बाबा, बॉस्टनजवळच्या.”

बाबांचा आदर थोडा वाढला, पण शंका गेली नाही. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आमच्याच घराचा हिशेब मांडला. माणसं पाच, म्हणजे जोड्या दहा. बाबा आणि आई यांच्यात रिमोट सामाईक. आई आणि माझी बायको यांच्यात मिक्सर. बायको आणि मी यांच्यात गृहकर्ज. बाबा आणि नातू यांच्यात कॅरम. जमणाऱ्या जोड्या चार, न जमणाऱ्या सहा. सहातून चार गेले, उरले दोन.

“दोन म्हणजे चांगलं की वाईट?”

“शून्य सगळ्यांत चांगलं.”

बाबा खिन्न झाले. सदतीस वर्षांच्या संसाराचा आकडा दोन निघावा, हे त्यांना लागलं. तेवढ्यात चिरंजीव मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाले, “आजोबा, वाय-फाय धरलंत का?”

वाय-फाय धरल्यावर दहाच्या दहा जोड्या जमल्या. न जमणारी एकही नाही. उत्तर शून्य. आदर्श कुटुंब.

“त्या वाय-फायमुळेच तर या घरात कुणी कुणाशी बोलत नाही,” आई म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

आईचं हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. पुढे जे घडलं ते सगळं त्या एका वाक्यात होतं, पण आई सॉफ्टवेअरमध्ये नसल्यामुळे तिला कुणी कॉन्फरन्सला बोलावत नाही.

खरं म्हणजे ही सगळी भानगड क्लासच्या आधीपासूनची आहे. लॅरी कॉन्स्टंटाइन नावाच्या गृहस्थांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रोग्रॅमच्या तुकड्यांकडे बघून विचारलं, की यातल्या ओळी एकत्र का आहेत? साधा प्रश्न होता, पण आजवर तो ज्याला ज्याला विचारला गेला तो माणूस “मी यायच्या आधीपासून आहेत” असंच म्हणतो. पुढे १९७९ मध्ये एडवर्ड युर्डन यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात कॉन्स्टंटाइन यांनी एकसंधपणाच्या सात पायऱ्या दिल्या. सगळ्यांत वरची पायरी म्हणजे सगळे मिळून एकच काम करतात ती. सगळ्यांत खालची म्हणजे निव्वळ योगायोगानं एकत्र आलेले. मधे एक पायरी अशीही आहे, की एकमेकांशी संबंध काही नाही, पण सगळे एकाच वेळी हजर असतात. आमच्या सोमवारच्या बैठकीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

कॉन्स्टंटाइन यांच्या पायऱ्यांचा त्रास असा, की कोण कुठल्या पायरीवर आहे हे ठरवायला कोड वाचावा लागतो. कोड वाचायला कुणालाच वेळ नसतो. चिदंबर-केमेरर यांच्या आकड्याचा मोठा फायदा हा, की तो काढायला कोड वाचावा लागत नाही. यंत्र काढतं. म्हणून तो लोकप्रिय झाला असावा, असं माझं मत आहे.

सोमवारी टीव्ही लागला. पहिला घोळ दिशेचा झाला. चिदंबर-केमेरर यांचं माप एकसंधपणाचं नाही, एकसंधपणाच्या अभावाचं आहे. लॅक ऑफ कोहेजन इन मेथड्स, थोडक्यात एलकॉम. आकडा वाढला की दुरावा वाढला.

“आपल्या टीमचा सगळ्यांत मोठा आकडा किती?” डिलिव्हरी हेडनी विचारलं.

“चारशे पाच, सर.”

“व्हेरी गुड!”

“सर, कमी हवा.”

“बरं. मग पुढच्या तिमाहीला चारशेचं टार्गेट ठेवू.”

“सर, शून्य हवा.”

“शून्य?” ते विचारात पडले. “शून्य वरच्यांना दाखवायचं कसं? मेहनत दिसत नाही त्यात.”

चारशे पाचचा मान मिळवणारा क्लास आमचा ‘एम्प्लॉयी’ होता. आख्ख्या सिस्टिममध्ये इतका गरीब क्लास दुसरा नाही. कर्मचाऱ्याचं नाव, आडनाव, पत्ता, पिनकोड, जन्मतारीख असे त्यात पंधरा व्हेरिएबल्स. प्रत्येकाची एक माहिती देणारी मेथड आणि एक भरणारी. बास. वर्षानुवर्षं तो कुणाच्या अध्यातमध्यात न पडता उभा आहे. पण मेथड झाल्या तीस, तिसांच्या जोड्या झाल्या ४३५. आडनाव देणारी मेथड पिनकोडला कशाला हात लावेल? त्यामुळे जमणाऱ्या जोड्या फक्त पंधरा, न जमणाऱ्या ४२०. वजाबाकी ४०५. मर्यादा पन्नासची. टीव्हीवर ‘एम्प्लॉयी’ रक्तासारखा लाल.

आता पहिला नंबर कुणाचा, हे बघायला आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे शून्य आकडा आणि हिरवागार ठिपका घेऊन ‘पेरोलमॅनेजर’ बसला होता. बघताक्षणी टीममधल्या दोघांनी पाण्याची बाटली उघडली.

‘पेरोलमॅनेजर’विषयी नव्या माणसाला आम्ही पहिल्या आठवड्यात काही सांगत नाही. सहा हजार ओळींचा क्लास. पगार तो काढतो, प्रॉव्हिडंट फंड तो कापतो, ईमेल तो पाठवतो, पीडीएफ तो छापतो, सुट्ट्यांची यादी तो ठेवतो आणि कर्मचाऱ्याच्या वाढदिवसाला केकचं चित्रही तोच पाठवतो. आर्थर रीएल यांनी १९९६ च्या पुस्तकात अशा सगळं स्वतःकडे ओढणाऱ्या क्लासला ‘गॉड क्लास’ म्हटलंय. आमच्या टीममध्येही त्याला हात लावण्याआधी लोक देवाचं नाव घेतात.

मग त्याला शून्य कसं? तर ज्यानं तो लिहिला त्या महाभागानं व्हेरिएबल एकच ठेवलं होतं. त्याचं नाव ‘डेटा’. त्यात पगारही, केकही आणि प्रॉव्हिडंट फंडही. शेकडो मेथड आणि प्रत्येक मेथड त्या एका ‘डेटा’त हात घालते. त्यामुळे प्रत्येक जोडी जमते. न जमणारी जोडी औषधालाही नाही. मला आईचं वाय-फाय आठवलं.

डॅशबोर्डच्या मते हा आमच्या कंपनीतला सर्वांत एकसंध क्लास होता. त्याच्या लेखकाला ‘क्वालिटी चॅम्पियन’ लिहिलेला कॉफीचा मग द्यायचं ठरलं. तो कंपनी सोडून कधीच गेला होता. मग कुरियरनं पाठवायचा ठरला, पण पत्ता ‘एम्प्लॉयी’ क्लासमध्ये होता आणि तो क्लास लाल असल्यामुळे तिथला कोड पुढे सरकत नव्हता.

आमच्या टीममध्ये नुकतीच लागलेली एक मुलगी आहे. तिला अजून वाचायची सवय आहे. ती दोन दिवसांनी माझ्याकडे आली.

“दादा, आपण कोणतं एलकॉम वापरतो?”

“डॅशबोर्डवालं.”

“नाही, म्हणजे कितवं? पाच आहेत.”

मी तिला हळू बोलायला सांगितलं.

तिचं म्हणणं खरं होतं. चिदंबर-केमेरर यांनीच आधी नुसत्या न जमणाऱ्या जोड्या मोजल्या होत्या, मग १९९४ मध्ये वजाबाकी आणली. वजाबाकी ऋण आली तर शून्य धरायचं, असंही सांगितलं. म्हणजे ज्या घरात निम्म्या जोड्या अबोला धरून आहेत त्या घरालाही शून्य आणि ज्या घरात सगळे गळ्यात गळे घालून आहेत त्यालाही शून्य. हे काहींना खटकलं. १९९३ मध्ये ली आणि हेन्री म्हणाले, जोड्या सोडा, घरात गट किती पडलेत ते मोजा. १९९५ मध्ये हिट्झ आणि मोंताझेरी म्हणाले, गट मोजा, पण एक मेथड दुसरीला हाक मारत असेल तर तेही नातं धरा. (बाबांनी पहिल्याच रात्री हेच विचारलं होतं. पाटबंधारे खात्यात राहिले म्हणून, नाहीतर एलकॉम चारवर आमच्या आडनावाचा शिक्का असता.) १९९६ मध्ये हेंडरसन-सेलर्स यांनी शून्य ते एक अशा मापात बसणारं सूत्र दिलं. ते प्रसंगी एकच्या वर जातं, अगदी दोनपर्यंत, पण सूत्रालाही कधीकधी मोकळं व्हावंसं वाटत असेल. शिवाय बीमन आणि कांग यांचं १९९५ चं टीसीसी आहेच. त्यात आकडा जास्त असला की चांगलं. शेवटी १९९८ मध्ये ब्रिआंड, डेली आणि व्यूस्ट या तिघांनी ही सगळी मापं एका चौकटीत मांडणारा निबंध लिहिला. लग्नानंतर सगळा आहेर एका खोलीत मांडून ठेवतात ना, तसा.

बाबांना मात्र बीमन-कांग यांचं दुसरं माप, एलसीसी, फार आवडलं. त्यात आडून असलेलं नातंही धरतात. “म्हणजे मी आणि धाकटा भाऊ बोलत नसलो, तरी वहिनीमार्फत निरोप जातो तो मोजतात?” त्यांनी विचारलं. मोजतात, म्हटल्यावर त्यांनी समाधानानं पान लावलं.

त्या मुलीनं बिचाऱ्या ‘एम्प्लॉयी’ला सगळ्या मापांतून काढलं. पहिल्यानं आकडा आला ४२०. दुसऱ्यानं ४०५. तिसऱ्या आणि चौथ्यानं १५. पाचव्यानं ०.९७. टीसीसीनं ०.०३. एकच क्लास, तेच पंधरा व्हेरिएबल्स.

“यातला खरा आकडा कोणता?” डिलिव्हरी हेडनी विचारलं.

“सगळेच खरे आहेत, सर.”

“मग यातला हिरवा कोणता?”

दुर्दैवानं हिरवा कोणताच नव्हता. चौथं माप तर म्हणत होतं, की या घरात पंधरा गट आहेत, तेव्हा पंधरा क्लास करा. आडनावाचा एक स्वतंत्र क्लास. पिनकोडचा एक. उलट ‘पेरोलमॅनेजर’ला पाहिल्यावर मात्र सगळ्या मापांचं एकमत झालं. वजाबाकी शून्य, गट एक, पाचव्या सूत्रानं शून्य, टीसीसी पूर्ण एक. जगभरच्या संशोधकांचे पाच-सात वर्षं चाललेले मतभेद आमच्या त्या सहा हजार ओळींनी मिटवले.

तरी काहींनी पंधरा क्लासचा मार्ग इमानदारीनं चोखाळून पाहिला. एका सहकाऱ्यानं दुसरा एक क्लास इतका फोडला, की प्रत्येक तुकड्यात एकच मेथड उरली. हेंडरसन-सेलर्स यांच्या सूत्रात मेथडच्या संख्येतून एक वजा करून त्यानं भागायचं असतं. मेथड एकच असली की भागायला शून्य उरतं. त्या दिवशी टीव्हीवर पाचवं माप लावून पाहिलं होतं, तिथे ना लाल ना हिरवं. ओळीनं ‘एनएएन’, ‘एनएएन’, ‘एनएएन’ अशी अक्षरं उमटली. म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’.

“हे कुणाचे इनिशिअल्स आहेत?” डिलिव्हरी हेडनी विचारलं. “याला जरा बोलावून घ्या.”

शेवटी मार्ग काढला तो आमच्या सगळ्यांत सीनिअर सहकाऱ्यानं. पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, कोबॉलपासूनचा. तो खुर्ची मागे ढकलून म्हणाला, “तुम्हाला एकसंधपणा हवाय की एकसंधपणाचा आकडा?” या प्रश्नाला त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही, यातच अनुभव दिसतो. त्यानं ‘एम्प्लॉयी’मध्ये एक नवी मेथड लिहिली. नाव ठेवलं ‘एकी’.

मर्ज करण्याआधी ती नवी मुलगी कोड तपासायला बसली.

“काका, ही मेथड काय करते?”

“काही नाही.”

“काही तरी करतच असेल ना?”

“सगळ्यांना एकदा हात लावते.”

बास, एवढंच. नावाची लांबी मोज, आडनावाची लांबी मोज, पिनकोड बघ, जन्मतारीख बघ, सगळ्यांची बेरीज कर आणि ती बेरीज फेकून दे. चौथ्या मापात एवढ्यानं भागतं. सगळ्या गटांना एक सामाईक दुवा मिळतो आणि पंधरा गटांचा क्षणात एक होतो. पण आमचा डॅशबोर्ड एरवी दुसऱ्या मापाचा होता. तिथे एका ‘एकी’नं ४०५ चे ३७५ झाले. लाल ते लालच.

मग काकांनी कागद घेतला. माणूस कामाच्या कोडपेक्षा आकडा सुधारण्यावर किती मन लावतो, हे मी तेव्हा पाहिलं. न जमणाऱ्या ४२० जोड्या तशाच राहणार, पण प्रत्येक नवी ‘एकी’ जुन्या तिसांशी जमणार आणि बाकीच्या ‘एकीं’शीही जमणार. अकरा ‘एकी’ घातल्या तर जमणाऱ्या जोड्या चारशे होतात. बारा घातल्या तर ४४१. ऋण उत्तर शून्य धरायचं. म्हणजे बारा. अकरांवरही ठिपका हिरवा झाला असता, पण काका म्हणाले, करायचं तर पूर्ण करायचं. ‘एकी १’ ते ‘एकी १२’ अशा बारा मेथड ‘एम्प्लॉयी’त दाखल झाल्या, त्या कुठलंही काम करत नव्हत्या आणि टीव्हीवर शून्य आलं. टाळ्या वाजल्या. टीमला पिझ्झा मिळाला.

दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डच्या दुसऱ्या कोपऱ्यात पिवळा ठिपका आला. ‘कुणीही हाक न मारलेल्या मेथड: बारा.’ यंत्राला एकी दिसली होती आणि ती निकामी आहे हेही दिसलं होतं. पिझ्झा तर खाऊन झाला होता. मग पे-स्लिप छापण्याआधी बाराही ‘एकीं’ना ओळीनं एकदा हाक मारायची, असं ठरलं. पिवळा गेला. सगळं हिरवं. इतकं हिरवं, की काही लोक तिथे उभे राहून सेल्फी काढू लागले.

महिनाअखेर आली. आमच्या क्लायंटकडे अमेरिकेत मधलं नाव नसलेले कर्मचारी भरपूर. ‘एकी १’ त्यांच्या मधल्या नावाची लांबी मोजायला गेली. नावच नाही म्हटल्यावर ती तिथेच कोसळली. ‘एकी १’ पडल्यामुळे बाकीच्या अकरांची पाळीच आली नाही, आणि पे-स्लिपची तर नाहीच नाही. मधलं नाव असलेल्यांच्या पे-स्लिपा वेळेवर निघाल्या. इतरांना त्या महिन्यात फक्त केकचं चित्र गेलं, कारण ते ‘पेरोलमॅनेजर’ पाठवतो आणि तो कधी पडत नाही.

रात्री कॉल झाला. क्लायंटचा माणूस भला होता.

“व्हॉट डझ धिस मेथड डू?”

“नथिंग,” काका म्हणाले.

“देन व्हाय डिड इट फेल?”

कॉलवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी “सॉरी, आय वॉज ऑन म्यूट” म्हणालं. आमच्या क्षेत्रात अशा क्षणी हेच म्हणायची पद्धत आहे.

‘एकी’ काढून टाकल्या. त्यासाठी वेगळी बैठक झाली, वेगळा अहवाल झाला, मुळाशी कोणतं कारण होतं त्याच्या रकान्यात ‘मधल्या नावाचा अभाव’ असं लिहिलं गेलं. ‘एम्प्लॉयी’ पुन्हा ४०५ वर आला. पण लाल झाला नाही. आम्ही चक्रावलो. शोध घेतल्यावर कळलं, की कुणीतरी डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन पन्नासची मर्यादा पाचशे केली होती. कुणी केली, ते आजवर समजलेलं नाही. फक्त त्या संध्याकाळी डिलिव्हरी हेड जाताना शीळ घालत गेले.

अर्थात मधल्या काळात जे क्लास फोडले होते ते फुटलेलेच राहिले. आता एक फाईल उघडली की ती दुसरीकडे बोट दाखवते, दुसरी तिसरीकडे, आणि तिसरी सुट्टीवर गेलेल्या माणसानं लिहिलेली असते. त्या नव्या मुलीनं दाखवून दिलं, की चिदंबर-केमेरर यांच्याच सहा मापांत एक माप असंही आहे, जे एक क्लास बाहेरच्या किती क्लासांवर विसंबून आहे ते मोजतं. ते आमचं आता गगनाला भिडलंय. तिनं हे डिलिव्हरी हेडना सांगायला नको होतं. पुढच्या तिमाहीत टीव्हीवर तो आकडा लागणार आहे, आणि तो कमी करण्याचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणून काकांनी फोडलेले क्लास पुन्हा एकत्र जोडायला घेतलेत. सगळ्यांत जास्त जागा कुठे आहे? ‘पेरोलमॅनेजर’मध्ये. तिकडेच चाललेत सगळे. परवा पाहिलं तेव्हा त्याच्या ओळी सात हजारांच्या पुढे गेल्या होत्या आणि आकडा शून्यावरून तसूभरही हलला नव्हता.

त्या मुलीनं मात्र मधल्या काळात गाजावाजा न करता पगाराचा भाग आणि केकचा भाग कोड नीट वाचून वेगळा काढला. ‘डेटा’तून केकच्या वस्तू बाहेर काढल्या, त्यांना नावं दिली. वाचणाऱ्याला आता पगार कुठे आणि केक कुठे हे कळतं. यामुळे तिच्या नव्या क्लासचा आकडा शून्यावरून तीनवर गेला. अप्रेझलमध्ये तिला ‘एकसंधपणात घसरण’ असा शेरा मिळालाय. तिनं तो शेरा मला वाचायला दिला. मी तिला पिझ्झा खायला नेलं, स्वतःच्या खर्चानं.

तुमच्याही ऑफिसात असा टीव्ही लागणार असेल, तर एक विनंती आहे. भांडू नका, निबंध दाखवू नका, आकडा चुकीचा आहे असं तर मुळीच म्हणू नका. बैठकीत नम्रपणे हात वर करा आणि एवढंच विचारा: “सर, एलकॉम ठीक आहे, पण कितवं?” बैठक पुढच्या महिन्यावर जाते. तेवढ्यात कोड वाचून घ्या.